सीवर चेंबरचा अंदाज दर वेळी तुटतो? दर नव्हे, खोली तपासा

तक्रार बहुतेक एकाच वळणाची असते. कॉलनीच्या गल्लीत सीवर लाइन टाकायची ठरते, सहा-आठ चेंबर असतात, अंदाजपत्रक मंजूर होतं, घरटी वर्गणी निघते. काम अर्ध्यावर आलं की ठेकेदाराचा फोन येतो: "भिया, ईंट कम पड़ रही है." मग सिमेंट, मग मुरूम, मग ब्रेकरचे तास. शेवटी बिल अंदाजाच्या कितीतरी पुढे. संस्थेचे सचिव काका म्हणतात ठेकेदार लबाड, ठेकेदार म्हणतो दर जुने, आणि अंदाज करणारा जमिनीला दोष देऊन मोकळा होतो. पुढच्या गल्लीचा अंदाजही त्याच पद्धतीने बनतो आणि तसाच तुटतो.

इंदूरात ही कामं भरपूर निघतात. २०२१ साली शहराला देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' प्रमाणपत्र मिळालं, त्यासाठी कान्ह आणि सरस्वती नद्यांत पडणारी सांडपाण्याची तोंडं बंद करून घरांच्या नाल्या सीवरला जोडल्या गेल्या. मुख्य लाइन जवळ आली की आतल्या गल्ल्या आपापले सेप्टिक टँक सोडून तिला जोडून घेऊ पाहतात. ही कामं लहान असतात, त्यामुळे त्यांचा अंदाजही घाईत, जुन्या कागदावर आकडे बदलून केला जातो.

आधी दुखणं कुठे आहे ते शोधा

भांडायला बसण्याआधी एक बेरीज करा. प्रत्यक्षात जेवढं काम झालं ते परिमाण घ्या आणि त्याला अंदाजातल्याच जुन्या दराने गुणा. ही रक्कम मूळ अंदाजाच्या आसपास आली, तर दोष दराचा. ती आधीच बिलाजवळ पोचली, तर दराला बोल लावण्यात अर्थ नाही, मोजमापच चुकलं होतं. माझ्यासमोर आलेल्या कागदांत दुसराच प्रकार फार. दर सगळे जण तपासतात, कारण ते छापील असतात आणि त्यावर वाद घालता येतो. परिमाणाच्या रकान्यात 'सहा नग' एवढं लिहिलेलं असलं की त्याकडे कोणी बघत नाही.

आणि परिमाण चुकण्याचं मुख्य कारण म्हणजे सरासरी खोली.

सरासरी का फसवते

आयएस ४१११ या भारतीय मानकाच्या पहिल्या भागात गोल चेंबरचे आतले व्यास खोलीनुसार ठरवलेले आहेत. ०.९० मीटरच्या पुढे १.६५ मीटरपर्यंत ९०० मिलिमीटर, तिथून २.३० पर्यंत १२०० मिलिमीटर, आणि २.३० च्या पुढे ९ मीटरपर्यंत १५०० मिलिमीटर. म्हणजे खोली हळूहळू वाढते, पण चेंबर पायरी-पायरीने मोठं होतं. १.६० मीटरचं चेंबर आणि १.७० मीटरचं चेंबर यांत खोलीचा फरक दहा सेंटिमीटर, पण वीट, खोदाई, प्लास्टर, तळाचं काँक्रीट, स्लॅब सगळ्यांत उडी असते. सरासरी काढली की ही उडी कागदावरून गायब होते.

एक साधी गल्ली घेऊ. १५० मीटर लांब, रस्ता जवळपास सपाट, २०० मिलिमीटरचा पाइप, उतार १:१००, दर ३० मीटरवर चेंबर. पहिल्या चेंबरला इन्व्हर्ट (पाइपचा आतला तळ) रस्त्यापासून ०.९० मीटरवर. मग पुढची खोली १.२०, १.५०, १.८०, २.१० आणि शेवटी २.४० मीटर. सरासरी १.६५. नेमकी ९०० च्या वर्गाची शेवटची हद्द! म्हणून अंदाजात लिहिलं जातं: ९०० व्यासाची सहा चेंबर, प्रत्येकी १.६५ मीटर.

भिंत सगळीकडे एका विटेची, २३० मिलिमीटर धरू. उभी गोल भिंत आणि वर सपाट स्लॅब, आपल्याकडचे गवंडी बहुतेक जसं बांधतात तसं. खाली चॅनेलसाठी (तळातल्या पाणी वाहण्याच्या खाचेसाठी) थोडी जास्त उंची लागते, वर स्लॅबची जाडी वजा होते. वीटकामापुरतं हे एकमेकांत जिरतं. ९०० व्यासाला एक मीटर उंचीचं वीटकाम ०.८२ घनमीटर येतं, १२०० ला १.०३ आणि १५०० ला १.२५. (भिंतीच्या मधल्या रेषेचा व्यास गुणिले π (३.१४) गुणिले जाडी. आतला व्यास घेऊन गुणणारेही आहेत, ते इथेच मार खातात.)

अंदाजाप्रमाणे वीटकाम: ६ × १.६५ × ०.८२, म्हणजे सुमारे ८.१ घनमीटर. प्रत्यक्षात पहिली तीन चेंबर ९०० ची, एकूण उंची ३.६ मीटर, पुढची दोन १२०० ची, ३.९ मीटर, शेवटचं १५०० चं, २.४ मीटर. बेरीज जवळपास १० घनमीटर. उंचीची बेरीज दोन्हीकडे तीच, ९.९ मीटर, तरी वीटकाम २३ टक्क्यांनी वाढलं. घनमीटरला ५०० विटा धरल्या तर साडेनऊशेच्या घरात विटा कमी पडल्या. ठेकेदाराचा फोन याच विटांसाठी होता, आणि या बाबतीत तरी तो खरं बोलत होता.

ड्रॉइंगमध्ये खोल चेंबरची भिंत दीड विटेची दाखवली असेल तर १५०० व्यासाचं मीटरभर वीटकाम १.२५ वरून थेट २ घनमीटरवर जातं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली टीप वाचल्याशिवाय जाडी धरू नका.

सुरुवातीची खोली कोण ठरवतं

वरच्या गणितात ०.९० मीटर ही सुरुवात मी सोयीने घेतली. खऱ्या गल्लीत ती गल्लीतलं सर्वांत खोलगट घर ठरवतं. जुन्या वस्त्यांत रस्ते सिमेंटचे होताना थर चढत गेले आणि घरांची जोती खाली राहिली. मागच्या बाजूच्या संडासाचा पाइप लांबून येतो, त्याचाही उतार मोजावा लागतो. अशा एका घरामुळे सुरुवात ०.९० ऐवजी १.२० वर गेली, तर सहाही चेंबर ३० सेंटिमीटरने खाली जातात, तिसरं चेंबर ९०० मधून १२०० मध्ये आणि पाचवं १२०० मधून १५०० मध्ये ढकललं जातं आणि वीटकाम १२.६ घनमीटर होतं. मूळ ८.१ च्या दीडपटीहून जास्त. ३० सेंटिमीटर म्हणजे शाळेची एक पट्टी.

म्हणून लेव्हल घेताना फक्त रस्त्याच्या घेऊ नका. प्रत्येक घराच्या शेवटच्या न्हाणीची किंवा सेप्टिक टँकच्या निकासाची पातळी घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, दारं वाजवावी लागतात, दुपारी कोणी उघडत नाही. पण अंदाजाचा कणा इथेच ठरतो.

दुसरं टोक मुख्य लाइनचं. तिच्या चेंबरचं झाकण उघडून इन्व्हर्ट वरूनच, स्टाफ (मापाची लांब पट्टी) सोडून मोजा. कोणालाही आत उतरवू नका, 'दोन मिनिटांचं काम' म्हणूनही नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असू शकतो आणि २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सीवर सफाईला उतरवणं गुन्हा आहे. मुख्य लाइन तुमच्या शेवटच्या इन्व्हर्टपेक्षा ६०० मिलिमीटरहून जास्त खाली निघाली तर तिथे ड्रॉप लागतो: उभा पाइप, बेंड, भोवती काँक्रीट, वर सफाईचं तोंड. हा वेगळा आयटम आहे आणि लहान अंदाजांत तो जवळपास कधीच नसतो. मुख्य लाइन उलट वर निघाली, तर मात्र अंदाज सोडा, आधी उतारच पुन्हा बसवावा लागेल.

एका चेंबरला चार पातळ्या

'खोली' विचारली की प्रत्येक जण वेगळी सांगतो. पाइपवाला इन्व्हर्टपर्यंतची, गवंडी काँक्रीटच्या माथ्यापासूनची, जेसीबीवाला खड्ड्याच्या तळाची. तिघेही आपापल्या जागी बरोबर. तक्त्यात प्रत्येक चेंबरपुढे चार रकाने करा: तयार रस्त्याची पातळी, पाइपचा इन्व्हर्ट, तळकाँक्रीटचा माथा, खड्ड्याचा तळ. व्यासाचा वर्ग पहिल्या दोनांतून, वीटकाम पहिल्या आणि तिसऱ्यातून, खोदाई पहिल्या आणि चौथ्यातून. 'तयार रस्ता' म्हणजे आज दिसतो तो नव्हे. पुढच्या वर्षी त्यावर काँक्रीट पडणार असेल तर त्या थरानंतरचा. हे न धरल्याने झाकण रस्त्याच्या खाली जातं आणि महिन्याभरात तिथे दुचाकी आदळायला लागतात. मग चेंबरची मान उंचवण्याचा खर्च, तोही कुठल्याच अंदाजात नाही.

खड्डा चेंबरपेक्षा मोठा असतो

वीटकामापेक्षा मोठी गळती खोदाईत असते. आपल्याच गल्लीत बघा. तळकाँक्रीट भिंतीच्या बाहेर चहूबाजूंनी १५० मिलिमीटर, खड्डा त्या मापाचा चौकोनी, आणि खोली इन्व्हर्टच्या खाली ०.३० मीटर (चॅनेलचे १०० मिलिमीटर, काँक्रीटचे २००). ९०० व्यासाला खड्डा १.६६ मीटर बाजूचा, १२०० ला १.९६, १५०० ला २.२६. सहा चेंबरची खरी खोदाई सुमारे ४३.५ घनमीटर येते. सरासरी खोलीवाल्याची, तळाचे ०.३० धरूनही, ३२ च्या आसपास. ज्याने भिंतीची बाहेरची कड हीच खड्ड्याची कड धरली आणि तळाचं काही धरलं नाही त्याची जेमतेम १८. अशा अंदाजात खोदाई खऱ्याच्या निम्मीसुद्धा नसते.

बाहेरून प्लास्टर असेल तर गवंड्याला उभं राहायला, थापी फिरवायला जागा हवी. तेव्हा खड्डा याहूनही रुंद धरा. जमिनीत पाणी असेल तर बाहेरचं प्लास्टर वगळू नका. वगळलं तर चेंबर विहिरीसारखं बाहेरचं पाणी आत ओढतं आणि ते सगळं मुख्य लाइनमध्ये जातं.

इंदूरची जमीन: वर काळी, मधे मुरूम, खाली काळा दगड

सरासरी खोलीचा खरा फटका इथे बसतो, कारण जास्तीची खोदाई नेमकी खालच्या, महाग थरात असते. माळव्यात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली बेसाल्ट. थरांची जाडी गल्लीगणिक बदलते. एका टोकाला दोन मीटरपर्यंत फावडं चालतं, दुसऱ्या टोकाला मीटरभरात ब्रेकर लावावा लागतो.

शेवटच्या, सर्वांत खोल खड्ड्यात जाऊन पाहा. वरचा थर ओला असताना सुरीने कापल्यासारखा उभा राहतो, म्हणून कोणी आधार लावत नाही. दोन दिवस ऊन लागलं की कडेपासून हातभर अंतरावर, कडेला समांतर, बारीक भेग दिसायला लागते. ती दिसली की माणसं बाहेर काढा. तो तुकडा सबंधच्या सबंध आत येतो. खाली पिवळट मुरूम, त्यात कुजलेल्या दगडाच्या चपट्या, आणि मग ब्रेकरची टोच घसरते ती जागा. मुरूम आणि दगड यांच्या सांध्यातून पावसाळ्यानंतरही बराच काळ पाणी झिरपत असतं. म्हणजे आधार, पंप आणि ब्रेकर, तिन्ही एकाच खड्ड्यात लागतात, आणि अंदाजात मात्र 'साधी माती' म्हणून एक ओळ असते.

उपाय महाग नाही. अंदाजाआधी लाइनच्या दोन्ही टोकांना आणि मधे एक चाचणी खड्डा घ्या, लाइनच्या तळापर्यंत. तेवढंही शक्य नसेल तर गल्लीत ज्यांनी अलीकडे सेप्टिक टँक किंवा बोअर खणलं त्यांना विचारा. कितव्या फुटाला दगड लागला हे घरमालकाला बरोबर आठवतं, पैसे त्यानेच दिलेले असतात. मग खोदाई थरांनुसार वेगळी लिहा. वस्तीत सुरुंग लावता येत नाही, म्हणून कठीण दगडाला 'ब्लास्टिंग निषिद्ध' असलेला आयटम घ्यावा लागतो, त्याचा दर वेगळा. खोदाईचा मूळ दर बहुधा १.५ मीटर खोलीपर्यंतच असतो, त्याखाली प्रत्येक टप्प्याला जास्तीचा दर लागतो. आपल्या सहापैकी चार खड्डे १.५ च्या खाली जातात.

दगडाचं मोजमाप हा भांडणाचा दुसरा अड्डा. मिश्र खोदाईत एकूण माप खड्ड्याचं घेतात, दगड वेगळा रचून त्याचा ढीग मोजतात, आणि पोकळीपोटी ढिगातून ५० टक्के वजा करतात. उरलेलं माप मातीचं. ठेकेदार ढिगाचं पूर्ण माप लावतो, आणि तपासणारा ढीग न बघताच निम्मं करतो. ढीग उचलला जाण्याआधी दोघांनी मिळून मोजून मोजमाप पुस्तकात नोंद केली तर प्रश्न मिटतो.

भराव कशाने करणार, हेही आधी ठरवा. काळी माती परत भरली तर ती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि चेंबरभोवतीचा रस्ता गोल खचतो. मुरूम भरायचा तर आपल्या उदाहरणात साधारण १७ घनमीटर दाबलेला मुरूम लागेल, आणि उपसलेली सगळी ४३ घनमीटर माती उचलून न्यावी लागेल. खणलेली माती फुगते, ट्रॉलीसाठी सव्वापट तरी धरा. मुरूम आणणं, दुरमुस करणं, माती टाकायला नेणं: तीन ओळी. कित्येक अंदाजांत यातली एकही नसते.

एका चेंबरला सामान किती

'एका चेंबरला किती थैल्या?' असं विचारणाऱ्यांसाठी, आपल्याच गल्लीतलं १२०० व्यासाचं, २.१० मीटर खोल चेंबर.

वीटकाम २.१७ घनमीटर, म्हणजे विटा साधारण ११००, फुटतूट वेगळी. १:४ मसाल्याला घनमीटरमागे ३८० किलो सिमेंट आणि वीटकामाच्या दर घनमीटरला मसाला पाव घनमीटर धरला, तर चार थैल्यांच्या जरा वर. तळाचं १:४:८ काँक्रीट पाऊण घनमीटरहून किंचित जास्त, त्याला अडीच थैल्या. आतलं १२ मिलिमीटर प्लास्टर जवळपास ८ चौरस मीटर; १:३ मसाल्याचं सिमेंट चौरस मीटरला सव्वासात किलो, आणि वर घोटाईच्या निव्वळ सिमेंटचे दोन किलोंहून थोडे जास्त. हे घोटाईचं सिमेंट विसरलं जातं. मिळून दीड थैली. चॅनेल आणि बेंचिंगचं (चॅनेलच्या दोन्ही बाजूंच्या उतरत्या कट्ट्यांचं) १:२:४ काँक्रीट ढोबळ ०.३ घनमीटर, दोन थैल्या. १५० मिलिमीटरचा स्लॅब, तोंडाचा ५६० मिलिमीटरचा गोल वजा करून, ०.२९ घनमीटर, १:१.५:३ ला घनमीटरमागे ४०० किलो धरले तर सव्वादोन थैल्या. बेरीज साडेबारा थैल्या. बाहेरून प्लास्टर केलं तर अजून दीड, म्हणजे चौदा.

जागेवर ठेकेदार चेंबरमागे आठ-दहा थैल्यांत भागवतो असं कोणी सांगितलं, तर तो जादूगार नाही. बेंचिंगमध्ये वीट-रोडे भरून वर घोटाई केलेली असते, किंवा मसाला १:६ वर गेलेला असतो. बेंचिंगला चॅनेलकडे साधारण १:१० उतार हवा. सपाट बेंचिंगवर मैला साचतो, आणि चेंबर तुंबल्याची पुढची तक्रार तिथूनच सुरू होते.

रेतीचा दर तारीख घालून लिहा. पावसाळ्यात नर्मदेतलं उत्खनन बंद असतं आणि बाजार वेगळाच होतो. मे महिन्याच्या दराने ऑगस्टचं काम निभत नाही.

शेड्यूल वाचताना

मध्य प्रदेशची दरसूची आयएसएसआर असो की केंद्राच्या बांधकाम खात्याची डीएसआर, चेंबरचा आयटम ठरावीक खोलीचा असतो आणि 'जास्तीची खोली, प्रति मीटर' हा त्याला जोडून येणारा वेगळा आयटम. इथे दोन चुका होतात. एक, जास्तीच्या आयटममध्ये पूर्ण खोली लावली जाते, मूळ खोली वजा न करता, अंदाज फुगतो. दोन, ९०० चं मूळ चेंबर घेऊन त्यालाच २.४० पर्यंत जास्तीची खोली लावली जाते. अंदाज तुटतो आणि चेंबर बांधलं तर आत यंत्रसुद्धा नीट चालत नाही. खोदाई, फुटरेस्ट (आतल्या भिंतीतल्या पायऱ्या), झाकण, टेस्टिंग हे दरात आहे की बाहेर, ते आयटमचा मजकूर शेवटच्या शब्दापर्यंत वाचूनच ठरवा. जीएसटीचंही तसंच.

चेंबरांची संख्या केवळ लांबी भागिले ३० अशी काढू नका. वळण, उतार बदल, व्यास बदल, दोन लाइनींचा सांधा, प्रत्येक ठिकाणी एक. घरांच्या जोडणीची छोटी चेंबर वेगळी मोजा. ०.९० मीटरच्या आतलं चेंबर असेल तर ते ९०० × ८०० चं आयताकृती.

झाकणावर वाचवू नका. फायबर काँक्रीटच्या झाकणांना आयएस १२५९२ मध्ये एलडी २.५ (हलकी), एमडी १० (मध्यम), एचडी २० (जड) आणि ईएचडी ३५ (अतिजड) अशा श्रेणी आहेत. कॉलनीची गल्ली म्हणजे हलकी वाहतूक असं समजून एमडी लिहितात, आणि रोज सकाळी कचऱ्याची गाडी, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर त्यावरून जातो. चाक जिथे पडतं तिथे एचडी २० लावा, फ्रेमसह. फुटरेस्ट प्लास्टिक चढवलेले (ते प्लास्टिक आयएस १०९१० प्रमाणे), साधारण ३० सेंटिमीटरवर. उघडी सळई वाकवून बसवलेली पायरी काही वर्षांत गंजून तुटते.

प्रीकास्ट (तयार काँक्रीट रिंगांचं) चेंबर इंदूरच्या जमिनीत एका गोष्टीसाठी चांगलं: खड्डा कमी वेळ उघडा राहतो. पण रिंगा उतरवायला हायड्रा (क्रेन) लागतो, आणि राजवाड्याच्या आसपासच्या बोळांत तो वळत नाही. तिथे विटाच.

काम सुरू झालंय आणि अंदाज तुटला, तर

थांबून सगळी उरलेली चेंबर चार पातळ्यांच्या तक्त्यात पुन्हा मांडा. झालेल्या चेंबरांचं माप खड्डा बुजण्याआधी घ्या; तळकाँक्रीटचा आकार आणि भिंतीची जाडी एकदा मातीखाली गेली की उरतो तो नुसता वाद. मग वाढीचा तक्ता तीन भागांत करा: परिमाण वाढलं ते, जमिनीचा वर्ग बदलला ते, आणि मुळात नसलेले आयटम. पहिला भाग अंदाज करणाऱ्याच्या माथी, तिसराही. दुसऱ्याचा पुरावा म्हणजे खड्ड्याचे फोटो, त्यात उभा स्टाफ दिसला पाहिजे, आणि ढिगाचं दोघांच्या सहीचं माप. ठेकेदाराला वाढीव काम तोंडी सांगू नका. संस्थेच्या बैठकीत पैसे मागताना एकच मोठा आकडा ठेवलात तर कोणी ऐकणार नाही. चेंबरचा नंबर, मूळ खोली, खरी खोली, मूळ व्यास, खरा व्यास असा तक्ता ठेवा. काकाही मग ठेकेदाराला सोडून पाचव्या चेंबरबद्दल विचारायला लागतात.

पैसे मुळीच नसतील तर व्यास किंवा भिंत कमी करून निभावू नका, लाइन दोन टप्प्यांत करा. खालच्या टोकापासून, मुख्य लाइनकडून वर बांधत या. खोल चेंबर आधी पूर्ण होतात आणि जेवढा भाग झाला तेवढ्यातली घरं लगेच जोडता येतात. वरून सुरुवात केली तर पैसे संपेपर्यंत उथळ चेंबर बांधून होतात आणि त्यांतलं पाणी कुठेच जात नाही.